राळेचं फडकं

माझ्या थोरल्या बहिणीच्या मानेवर, डाव्या जबड्याच्या जरा खाली, कोटाच्या बटणाएवढा एक तांबूस डाग होता. लोक त्या डागाकडे बघायचे आणि मग पटकन दुसरीकडे बघायचे. लग्न ठरायच्या आधी तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "हे काय गं? त्वचेचं आहे, की दुसरं काही?" दुसरं काही म्हणजे काय, हे कळण्याइतकी मी मोठी होते. मी म्हटलं, "व्हायोलिन आहे." बाईंचा चेहरा असा झाला, की व्हायोलिन चावतं हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

तर तो डाग व्हायोलिनचाच. लहानपणापासून रोज कितीतरी तास हनुवटीखाली लाकूड दाबून धरलं की असा डाग पडतो. ताईला त्याची लाज नव्हती. भाऊजी, म्हणजे तिचे मालक, लग्नानंतर सगळ्यांना सांगायचे, "ही आधीच दुसऱ्याची होती, मला ती त्याच्यासकट मिळाली." मी मेहुणी, त्यामुळे मला हसावंच लागायचं, नाहीतर ते पुन्हा सांगायचे.

मी कपडे शिवते. माझं छोटं दुकान आहे, दोन मशिनी आहेत आणि तोंड म्हणाल तर टाचण्यांचा डबा आहे. सुरातलं मला ओ की ठो कळत नाही. घरात ताईच्या वाट्याला कान आला आणि माझ्या वाट्याला जीभ. तरी तिच्या नादानं माझं अर्धं आयुष्य मुलांच्या ऑर्केस्ट्रामागे गेलं, कारण ताई शाळेत तारवाद्यं शिकवायची आणि सगळ्या पोरांचे काळे पोशाख माझ्याकडूनच शिवून घ्यायची. तारवाद्यं म्हणजे व्हायोलिन, त्याची अंगानं जरा भरलेली बहीण व्हिओला, गुडघ्यांमध्ये धरायचा सेलो आणि कपाटाएवढा डबल बास.

शाळेनं तिला जिन्याखालची खोली दिली होती. आधी तिथं खेळाचं सामान असायचं, त्यामुळे रबरी चेंडूंचा वास काही केल्या जाईना. खुर्च्या सगळ्या वेगवेगळ्या उंचीच्या. भिंतीला टेकून वाद्यांच्या पेट्या. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की भिंतीतला पाइप घुमायला लागायचा, आणि शिकवणं मध्येच थांबवून ताई म्हणायची, "हा पाइप जरासा उतरलेला आहे." पाइपलाही नावं ठेवणारी बाई. दाराची करकर, कुकरची शिट्टी, भाऊजींचं घोरणं, सगळं तिच्या मते सुरापेक्षा एकतर चढलेलं असायचं नाहीतर उतरलेलं.

शाळेत दोन संगीत शिक्षक होते. दुसरे ते काठीवाले सर. पुढे उभं राहून छडीएवढी काठी हलवायची आणि सगळ्यांना एकत्र ठेवायचं, हे त्यांचं काम. ताई मात्र सगळ्यांत मागे, शेवटच्या खुर्चीत बसायची. हातात व्हायोलिन आणि शेजारी वर्गातलं सगळ्यात कच्चं मूल. दर वर्षी संगीत महोत्सव व्हायचा, त्यात पुष्कळ शाळांचे ऑर्केस्ट्रा यायचे, आणि तिथंसुद्धा शिक्षकाला मागे बसून वाजवायची मुभा होती. बाकीचे शिक्षक मिरवायला पुढे यायचे. आमची ताई मागे.

शेवटच्या खुर्चीचं तिचं एक शास्त्र होतं. तेच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

ताई कुठल्याही मुलाला नाही म्हणायची नाही. ज्याला एक सूर धड काढता येत नाही, त्यालाही ऑर्केस्ट्रात बसवायची. "ही खुर्ची रिकामी दिसते रे, जरा बसतोस का?" एवढंच म्हणायची. मग त्याला शिकवायची, की तारांवरून ओढून वाजवायचा तो गज तारेवर टेकवायचा नाही, बोटभर वर धरायचा आणि सगळ्यांबरोबर हवेतच फिरवायचा. दिसायला वाजवतोय, ऐकायला काही नाही. अशा मुलांना ती मुके म्हणायची. आमच्या ऑर्केस्ट्रात दर वर्षी चारपाच मुके असायचेच.

काठीवाल्या सरांना हे पटत नसे. एकदा ते माझ्या दुकानात बाहीचं माप द्यायला आले होते, ताई तिथंच बसली होती. सर म्हणाले, "बाई, ही फसवणूक नाही का? न वाजवणारी मुलं बसवायची?"

ताई म्हणाली, "सर, तुमच्या काठीतून तरी कुठं आवाज येतो?"

सर माप न देताच गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा स्वतःच हसत होते, म्हणून मला त्यांचा राग नाही.

मुक्यांच्या शेजारी बसून ताई मोठ्यानं वाजवायची. मूल हवेत गज फिरवायचं आणि कानात सूर मात्र ताईचा जायचा. असे महिने जायचे. मग एखाद्या दिवशी ती म्हणायची, "आज जरासा टेकव. कुणाला ऐकू जाणार नाही, मी आहे ना." मूल भीतभीत टेकवायचं. ताई दर आठवड्याला आपला आवाज थोडा कमी करायची. आणि एके दिवशी, ऐन वाजवण्याच्या मध्यावर, ती स्वतःचा गज बोटभर उचलायची आणि हवेत फिरवत राहायची. मूल वाजवतच असायचं. त्याला वाटायचं, बाई वाजवतायत. बाई तर केव्हाच मुक्या झालेल्या असायच्या.

मुलाला ते कळायचं कसं, तर फडक्यावरून. गजाला घोड्याचे केस असतात, त्यांना राळ घासावी लागते, नाहीतर तारेतून आवाज निघत नाही. वाजवलं की ती राळ पिठासारखी झडते आणि तारांखाली व्हायोलिनच्या पोटावर बसते. पुसली नाही तर चिकटून राहते. म्हणून वाजवून झालं की आधी पुसायचं, मग बोलायचं, हा ताईचा पहिला नियम. जुन्या मऊ रंगीत चादरी कापून ती फडकी मीच शिवायची, आणि आठवड्याला धुवायचीही मीच. त्यामुळे कोण मुकं आहे हे मला काठीवाल्या सरांच्या आधी कळायचं. मुक्यांचं फडकं स्वच्छ असायचं.

तर त्या दिवशी मूल नेहमीप्रमाणे पुसायला घ्यायचं आणि फडकं पांढरं व्हायचं. मग ते ताईच्या फडक्याकडे बघायचं. ते जवळजवळ कोरं. मूल डोळे मोठे करून विचारायचं, "बाई, तुम्ही कधी थांबलात?"

ताई म्हणायची, "आठवत नाही."

खोटारडी कुठची. तिला अगदी पक्कं आठवत असायचं. एकदा मी विचारलं, "सांगत का नाहीस? पोरं किती मागे लागतात."

"सांगितलं की पुढच्या वेळी नेमकं तिथंच अडखळतात," ती म्हणाली. "आणि तू तुझ्या पोटात ठेवशील तेवढं ठेव."

माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे. पण हे मात्र मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण मला विचारायलाच कुणी आलं नाही.

सगळ्यात जास्त वर्षं मुकी राहिली ती काडी. काडी हे नाव मीच ठेवलं. तिचं पहिलं माप घेतलं तेव्हा फीत अंगाभोवती दोनदा फिरली असती. मोठा भाऊ सेलो शिकायचा आणि त्याचं होईपर्यंत ही कोपऱ्यात अभ्यास करत बसायची. कुणाशी बोलायची नाही. ताईनं नेहमीचंच वाक्य टाकलं, "ही खुर्ची रिकामी दिसते गं, जरा बसतेस का?" काडी बसली ती बसलीच. बाकीचे मुके आले, बोलके झाले, पुढच्या रांगांत गेले. हिचं फडकं कोरं ते कोरंच. मला तर वाटायला लागलं होतं, की ते धुण्यात साबण फुकट जातोय. सर म्हणाले, हिला आता काढा. ताई म्हणाली, "तिचा गज बघा सर. तुमच्या पहिल्या रांगेत तरी कुणाचा एवढा सरळ जातो?"

मग एका महोत्सवात मी विंगेत उभी होते, तोंडात टाचण्या आणि हातात कुणाचा तरी उसवलेला काठ. मला सूर कळत नाहीत, पण हात कळतात. आयुष्यभर लोकांचे हातच मापत आलेय. मी पाहिलं, काडीचा गज तारेवर होता आणि ताईचा हवेत. एवढ्या भरल्या सभागृहात. माझ्या तोंडातल्या टाचण्या मी गिळल्या कशा नाहीत, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर काडी पायरीवर उभी. हातात फडकं. म्हणाली, "मावशी, हे धुऊ नका. मला हवंय." तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. ती पुढे शिकली आणि स्वतः व्हायोलिनची शिक्षिका झाली, दुसऱ्या शाळेत. तिच्या वर्गातही एक शेवटची खुर्ची आहे, असं ऐकून आहे.

आता मागच्या वर्षीच्या महोत्सवाचं सांगते.

आमच्या मुलांचं वाजवून झालं होतं. ताई विंगेतल्या पायऱ्या उतरत होती. एका मुलानं बुटाची नाडी बांधायला म्हणून आपलं व्हायोलिन तिच्या हातात दिलं. शाळेचं व्हायोलिन, बोटं कुठं ठेवायची ते कळावं म्हणून त्यावर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या, कोपरा कधीचा उडालेला. ताईचा पाय जमिनीवरच्या वायरीत अडकला. पडताना माणूस दोन्ही हात टेकतो. आमच्या ताईनं उजव्या हातातलं व्हायोलिन वर धरलं आणि अख्खं अंग डाव्या मनगटावर घेतलं. मी धावत गेले तर पडल्यापडल्या विचारते, "व्हायोलिनला काही झालं नाही ना?"

व्हायोलिनला ओरखडासुद्धा नव्हता. मनगटाचे तुकडे झाले होते.

त्या ठोकळ्यासाठी! मी तिला दवाखान्यात जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नर्सनं मला बाहेर बसवलं.

प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण मनगट वळेना. व्हायोलिन धरायचं तर डावा तळहात आपल्या तोंडाकडे वळवावा लागतो, आणि तो अर्ध्यातच थांबायचा. डॉक्टरांनी सांगितलं, दाराची मूठ फिरवतात तसं मनगट फिरवत राहा, दुखेल, पण सुटेल. ताईनं घरी येऊन एकदा पेटी उघडली. व्हायोलिन खांद्यावर घेतलं. दोनतीन सूर काढले. मला तर ते बरे वाटले, पण मला काय, मला सगळेच बरे वाटतात. तिनं पेटी बंद केली आणि कपाटावर ठेवून दिली. व्यायामही सोडला.

शाळेत जायची. शेवटच्या खुर्चीत बसायची, पण रिकाम्या हातानं. मुक्यांना लपायला कुणाचा आडोसा उरला नाही. त्या वर्षी मी फडकी धुतली, आणि मुक्यांतलं एकही पांढरं झालं नाही. दोन मुलांनी तर येणंच सोडलं.

घरात ती शांत झाली. मला शांत माणसांची भीती वाटते. भाऊजी एकदा दुकानात आले, उगाच कापड चाचपत उभे राहिले आणि म्हणाले, "मेहुणीबाई, ती हल्ली माझ्या घोरण्यालाही नावं ठेवत नाही." नेहमी थट्टा करणारा माणूस तो, त्या दिवशी डोळे पुसायला त्याला माझ्याकडची चिंधी लागली. आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. तिच्या मानेवरचा डाग पुसट होत चालला होता. लोकांना तो डाग खुपायचा, मला तो नाहीसा होताना बघवेना.

अशात काडीचा फोन आला. तारवाद्यं शिकवणाऱ्या शिक्षकांची दर वर्षी एक परिषद भरते, या वर्षी बाईंनी यायलाच हवं. ताई एका शब्दात हो म्हणाली. मी खूश. म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. सामान उचलायला तिच्याबरोबर मीही निघाले. आदल्या संध्याकाळी बॅग भरताना तिनं कपाटावरची पेटी खाली काढली आणि म्हणाली, "येताना ही आपल्याबरोबर नसेल. काडीला द्यायचीय. आणि सुट्टीनंतर मी वर्गावर जाणार नाही. सरांना सांगून झालंय."

मी भांडले. डॉक्टरांचं सांगितलं, मुलांचं सांगितलं, आईचं नावही घेतलं. ती ब्लाउजच्या घड्या घालत राहिली. शेवटी म्हणाली, "धाकटे, ज्याला वाजवता येत नाही त्यानं मुलांच्या शेजारी बसून करायचं काय?"

"मुक्यांना तू हे विचारलंस का कधी?" मी म्हटलं.

तिनं बॅगेची चेन ओढली. ताई कधी कुणाचं ऐकते होय?

परिषद एका कॉलेजच्या इमारतीत होती. एवढे संगीत शिक्षक एका ठिकाणी मी कधी पाहिले नव्हते, आणि पुन्हा बघायची घाई नाही. सगळ्यांच्या पाठीला पेट्या, त्यामुळे कॉरिडॉरमध्ये कुणी वळलं की मागच्याला फटका. चहाच्या रांगेत एकमेकांच्या माना न्याहाळतात. डाग दिसला की ओळख निघते. एका खोलीत व्हायोलिनखाली खांद्यावर ठेवायच्या उशीवर दोन तास व्याख्यान होतं. मी तिथं पाच मिनिटं बसले आणि मनात म्हटलं, आतला स्पंज बदला आणि घरी जा.

ताईला जागोजागी जुनी माणसं भेटत होती. हाताचं विचारत होती. ती "ठीक आहे" म्हणून पुढे सरकायची. पेटी माझ्या हातात होती, आणि ताई तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

शेवटच्या दुपारी शिक्षकांचा ऑर्केस्ट्रा असतो. आलेल्या सगळ्यांनी मुलांसारखं रांगांत बसायचं आणि मुलांसाठी लिहिलेली सोपी रचना वाजवायची, सराव न करता. कुणी कुठं बसायचं, हे ठरवण्याचं काम यंदा काडीकडे होतं. चहाच्या वेळी मी तिला खांबाआड गाठलं. काडी आता काडी राहिलेली नाही, चांगली भरलीय, पण मी तिला तसंच म्हणते.

"हे बघ," मी म्हटलं, "ती आज तुला पेटी देणार आहे. वर्ग सोडणार आहे. तू ती पेटी घेतलीस तर तुझे पोशाख तू दुसरीकडे शिवून घे."

काडीनं हातातल्या बसण्याच्या यादीत एक नाव खोडलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही कुणाला काही बोलू नका. एवढं जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"आणि जरा बाजूला बसा. शेवटची रांग दिसेल अशा."

मी बसले. सगळे आपापल्या जागी गेले. शिक्षक झाले म्हणून काय, मुलांपेक्षा वाईट. कुणाकडे पेन्सिल नाही, कुणी गप्पा मारतंय, समोर काठी घेऊन उभ्या असलेल्या बाई टाळ्या वाजवून थकल्या. ताई दाराजवळ उभी होती. काडी शेवटच्या रांगेत बसली होती, शेजारची खुर्ची मोकळी. तिनं मागे वळून ताईकडे पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "ही खुर्ची रिकामी दिसते. जरा बसता का?"

ताईच्या चेहऱ्यावर काय काय आलं आणि गेलं. "माझंच औषध मलाच होय गं?" ती म्हणाली. पण हसली. किती दिवसांनी.

"गज बोटभर वर धरा आणि सगळ्यांबरोबर फिरवा," काडी म्हणाली. "मी आहे ना."

मी पेटी नेऊन दिली. ताईनं व्हायोलिन काढलं, काडीनं ते सुरात लावून दिलं आणि ताईच्या गजाला स्वतःच राळ घासली. ताई म्हणाली, "मुक्याला राळ कशाला?" काडी म्हणाली, "दिसायला बरं दिसतं."

वाजायला लागलं. ताईचा गज हवेत, काडीचा तारेवर. पहिलं पान तसंच गेलं. मी ताईच्या डाव्या हाताकडे बघत होते. तो आधी नुसता टेकलेला होता. मग बोटं हलायला लागली, झोपेत हलतात तशी. मनगट वळत नव्हतं, तर तिनं कोपर आत ओढलं, मान कलती केली, खांदा उचलला. बेतात बसत नाही म्हणून आम्ही कापड तिरकं लावून बघतो, तसं तिनं स्वतःला तिरकं लावलं. काडी तिच्याकडे न बघता काहीतरी पुटपुटली. ताईचा गज खाली आला आणि तारेवर टेकला.

दोघी वाजवत होत्या. मग काडीनं पान उलटायला हात पुढे केला, पान उलटलं, आणि गज परत नेताना तारेवर नेलाच नाही. बोटभर वर. हवेत.

ताईचे डोळे मिटलेले होते.

मध्ये एक सूर चुकला असावा, कारण पुढच्या रांगेतल्या दाढीवाल्या मास्तरांनी वळून काडीकडे रागानं पाहिलं. काडीनं अपराध्यासारखी मान खाली घातली आणि हवेतला गज फिरवत राहिली. परत चुकला, परत त्यांनी पाहिलं, परत हिनं मान खाली घातली. त्या दाढीवाल्याला उठून दोन शब्द सुनवावेत असं मला फार वाटलं. पण काडीला शब्द दिला होता, म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. शेवटपर्यंत काडीचा गज खाली आला नाही. मी रडत होते की हसत होते ते मलाच कळेना, शेजारच्या बाईंनी मला पाण्याची बाटली दिली.

संपल्यावर सगळे उठले, खुर्च्या सरकल्या. मी शेवटच्या रांगेपाशी गेले. ताईनं व्हायोलिन मांडीवर घेतलं होतं.

"तुझा हात आता तयार झाला बघ," ती काडीला म्हणत होती. "किती भरदार वाजवतेस. मधे जरा घसरलीस, पण सावरलंस. मी आपला गज नुसता टेकवला होता, सगळा आवाज तुझाच होता." मग तिनं श्वास घेतला. "हे आता तुझ्याकडे राहू दे. मी घरी नेऊन काय करू?" आणि व्हायोलिन उचलून तिच्यापुढे धरलं.

काडीनं हात पुढे केला नाही. "आधी पुसा, बाई," ती म्हणाली. "पुसायचं, मग बोलायचं."

नियम तिचाच, मोडणार कशी? ताईनं पेटीतलं फडकं काढलं. वर्षभर तिथंच घडी घालून पडलेलं, माझ्या हातचं, राळ उठून दिसावी म्हणून मी मुद्दाम गडद निळ्या चादरीतून कापलेलं. तिनं तारांखालून फडकं फिरवलं. थांबली. बघितलं. पुन्हा फिरवलं. निळ्यावर पांढरं पीठ.

मग तिनं काडीपुढे हात पसरला. काडीनं आपलं फडकं तिच्या हातावर ठेवलं. ते आत्ताच व्हायोलिनवरून फिरवलेलं होतं. कोरं होतं. म्हणजे पहिल्या पानाची जी काय राळ असेल तेवढी एका कोपऱ्यात होती.

ताईनं विचारलं, "कधी थांबलीस?"

माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पान उलटलं ना हिनं, तेव्हा. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. उभ्या जन्मात मी एवढं काही गिळलं नसेल.

काडी म्हणाली, "आठवत नाही, बाई."

ताईनं तिला जवळ ओढलं. व्हायोलिन दोघींच्या मध्ये दाबलं जाणार म्हणून मीच ते घाईनं काढून घेतलं. घराण्याची सवय, दुसरं काय. ताईच्या मानेवर, जबड्याच्या खाली, लाल खूण उठली होती.

पेटी बंद करून तिनं माझ्या हातात दिली. "धर नीट," म्हणाली, "आपटू नकोस. घरी न्यायचीय." येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि पुढच्या सीटची दांडी डाव्या हातानं दाराच्या मुठीसारखी पिळत होती. दुखत होतं, तोंडावर दिसत होतं. चालकानं हॉर्न वाजवला. ताई म्हणाली, "जरा चढलाय."

मी लगेच भाऊजींना फोन केला आणि म्हटलं, उद्यापासून कानात बोळे घालून झोपा, तुमच्या घोरण्याची तपासणी सुरू होणार. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

सुट्टीनंतर शेवटच्या खुर्चीत ताई बसते. शेजारी एक नवा मुका आहे, माप घेताना गुदगुल्या होतात म्हणून पळतो. फडकी पुन्हा माझ्याकडे धुवायला येतात. ताईचं ते निळं तेवढं मी धुतलेलं नाही, दुकानातल्या कपाटात वरच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवलंय. ती अधूनमधून विचारते, "माझं निळं फडकं कुठं ठेवलंस गं?"

मी सांगते, आठवत नाही.